शेवंतीचा खुराक

जयपूरला निघताना अनिमेषनं सासूबाईंच्या हातात एक कागद ठेवला आणि तो तीनदा वाचून दाखवला. कस्तुरीबाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. दुसऱ्या कुणी आपल्याला वाचून दाखवावं, हे त्यांना मुळीच रुचत नसे.

कागद शेवंती नावाच्या घोडीचा होता. रामनगरच्या पुढे, भाजीच्या मळ्यांना लागून, अनिमेषनं घोडेस्वारी शिकवायचं फार्म काढलं होतं. दोन घोडे आणि ही घोडी. शेवंतीनं सहा वर्षं लग्नांतून नवरदेव वाहिले होते. आता तिला लहान मुलांना घेऊन शांतपणे चालायला शिकवणं चालू होतं. दहा दिवसांनी, रविवारी, एका शाळेच्या मुख्याध्यापिका पाहणीला यायच्या होत्या. त्यांना पसंत पडलं तर दर आठवड्याला शाळेची मुलं येणार, नाही तर फार्म चालणं कठीण, असं जावयानं सांगितलं होतं. कागदावरचा मजकूर एवढाच: वाळलेलं गवत भरपूर, जई म्हणजे ओट एकच माप, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास लांब दोरीला बांधून गोल फिरवणं.

पहिल्या दिवशी कस्तुरीबाई नदीकाठच्या राजा घाटावरच्या घरातून निघाल्या, टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, पूल ओलांडून फार्मवर पोचल्या, आणि गवत चघळणारी शेवंती बघून कळवळल्या. घोड्यांची निगा राखणारा म्हातारा सईस गोपीनाथ सांगत होता की घोडी तब्येतीनं अगदी बरोबर आहे. बाईंनी तिथूनच मुलीला बँकेत फोन लावला.

"रुचा, तुझा नवरा हिला नुसत्या गवतावर ठेवतो. तुला तरी पोटभर मिळतं ना गं?"

रुचापुढे रांग होती. तिनं फोन ठेवला. कस्तुरीबाईंनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला.

दुसऱ्या दिवशी भिजवलेले हरभरे आले, तिसऱ्या दिवशी गूळ. गोल फिरवणं त्यांनी स्वतःच्या अधिकारात बंद केलं. जत्रेतल्या पाळण्यात त्यांना स्वतःला चक्कर यायची, मुक्या जनावराला ती शिक्षा कशाला? चौथ्या दिवशी शेवंतीच्या अंगावर तुकतुकी आली. पाचव्या दिवशी तिनं पाण्याची बादली उडवून दिली.

"माताजी, दाना चढ़ गया है इसको," गोपीनाथ म्हणाला.

खुराक अंगात भिनून घोडी मस्तीला आली, असं त्याला म्हणायचं होतं; बाईंना ही शाबासकी वाटली. त्यांनी त्यालाही एक लाडू दिला.

सहाव्या दिवशी शेवंती तबेल्याच्या दाराला लाथा मारू लागली. भूक लागली असणार, असं ठरवून बाईंनी गुळाचा खडा पुढे केला. लाथा थांबल्या. सातव्या दिवसापासून टोटोचा आवाज आला की लाथा सुरू व्हायच्या. 'ओळखते मला,' असं बाई ज्याला त्याला कौतुकानं सांगू लागल्या. शनिवारपर्यंत घोडीनं त्यांना पुरतं तयार केलं होतं. एक लाथ, एक खडा.

रविवारी सकाळी अनिमेषचा फोन आला. गाडी कानपूरच्या अलीकडे अडकली होती, पोचायला उशीर होणार होता.

"आई, कुणालाही बसवायच्या आधी तिला दोरीवर फिरवा. रोज फिरवताय ना?"

"तुमचा कागद माझ्याजवळच आहे," कस्तुरीबाई म्हणाल्या. हे खरं होतं.

मुख्याध्यापिका विद्युल्लताबाई संकठा घाटावरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या, म्हणजे मराठीच निघाल्या. उंच, ताठ, आणि चष्म्यातून असं बघायच्या की गोपीनाथनं हातातली विडी नकळत मागे लपवली. मुलांना बसवायच्या आधी आपण स्वतः बसून बघणार, असं त्यांनी जाहीर केलं. त्या बसल्या. गोपीनाथनं लगाम धरला. पाच पावलं चालून शेवंती थांबली आणि तिनं पुढचा पाय आपटला. कस्तुरीबाईंनी गूळ दिला. आणखी पाच पावलं, पुन्हा पाय.

"ही सारखी का थांबते?"

"मुलं दमू नयेत म्हणून शिकवलंय," कस्तुरीबाई म्हणाल्या.

सहाव्या थांब्याला गूळ संपला. शेवंतीनं वाट पाहिली, मान झटकली. तेवढ्यात आंब्याच्या बागेपलीकडे बँडपार्टीचा सराव सुरू झाला. क्लॅरिनेटचा पहिला सूर कानी पडताच शेवंतीनं कान टवकारले, गोपीनाथच्या हातून लगाम सुटला, आणि आठवडाभराचा हरभरा चारी पायांत उतरून ती फाटकाबाहेर पडली.

ती भरकटली मात्र नाही. थेट बँडमागे, नवरदेवाच्या जागी जाऊन उभी राहिली आणि एकेक पाय उचलून नाचू लागली. बँडमास्तरनं मागं वळून पाहिलं. नाचत्या घोडीवर चष्मा लावलेली एक करारी बाई बसली होती. त्याला वाटलं, कुणीतरी मोठी असामी असणार. त्यानं हात उंचावून दुप्पट जोरात वाजवायची खूण केली. मळ्यातल्या बायका आल्या, पोरं नाचायला लागली, एकीनं टोपलीतली झेंडूची माळ वर पोचवली.

धापा टाकत आलेल्या कस्तुरीबाईंनी बँड बंद करवला. घोडीही बंद पडली. ओढली, ढकलली, चुचकारली, पण जागची हलेना.

"बिना बाजा के नहीं चलेगी," गोपीनाथ म्हणाला. "छह साल की आदत है."

शेवटी संथ चाल वाजवत बँड पुढे, मागे नाचणारी पोरं आणि त्यांच्यामागे मुख्याध्यापिका, अशी वरात फार्मकडे निघाली. फाटकाशी अनिमेष नुकताच बॅग घेऊन टोटोतून उतरत होता. शेवंती त्याच्यासमोर येऊन वधूच्या मांडवाशी थांबावी तशी निश्चल थांबली. त्यानं घोडीचं तुकतुकीत अंग पाहिलं, सासूबाईंची गुळानं चिकट झालेली पिशवी पाहिली, आणि न विचारताच सगळं ओळखलं. माफी मागायला त्यानं हात जोडले.

विद्युल्लताबाई उतरल्याच नाहीत.

"सत्तावीस वर्षं मुलं मला बघून पळतात," त्या माळ नीट करत म्हणाल्या. "माझ्यापुढे कुणी नाचलं, ते आजच."

मग त्या भानावर आल्या. मुलं येतील, पण दुसऱ्या दोन घोड्यांवर बसतील. या घोडीवर दर रविवारी त्या स्वतः. आणि हिला खायला काय घालता, असं त्यांनी विचारलं.

अनिमेषनं सासूबाईंकडे पाहिलं.

"जावई लिहून देतात तेवढंच," कस्तुरीबाई म्हणाल्या. "एक दाणा जास्त नाही."

अनिमेषला जोराचा ठसका लागला.

"मग तो कागद मलाही द्या," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "आमचे हे रिटायर झाल्यापासून सोफ्यावरून हलायला तयार नाहीत."

आता मात्र कस्तुरीबाईंना खोटं रेटवेना. त्या घोडीच्या अगदी जवळ गेल्या आणि जावयाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "कागद राहू द्या. भिजवलेले हरभरे आणि गूळ." मग जरा विचार करून त्यांनी जोडलं, "पण सकाळ-संध्याकाळ गोल फिरवायला विसरू नका."