खारुण नदीतला स्थानिक मासा

ज्या राज्याला स्वतःचा कायदा नाही, त्या राज्यातला मासासुद्धा स्वतःच्याच जबाबदारीवर पोहत असतो. छत्तीसगड होऊन सात महिने झाले तरी खारुणेतले मासे भोपाळच्या नियमांनीच पकडले जात होते, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. ही उदासीनता चिंताजनक होती.

म्हणून नदीतल्या मासेमारीचा नवा कायदा लिहायचं काम नीलकंठराव बडेबाबूंकडे आलं. रायपूरच्या शंकर नगरातल्या भाड्याच्या बंगल्यात ऑफिस होतं. खोल्या साहेबांना पुरल्या नाहीत, तेव्हा नीलकंठरावांचं टेबल न्हाणीघरात लागलं. (मत्स्य विषय त्यांच्याकडे जाण्याचं दुसरं कारण सापडत नाही.) त्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल सर्वांची खात्री होती.

त्यांचा जीव मात्र दुसऱ्याच कागदात अडकला होता. जुन्या राज्याच्या कर्मचाऱ्यांची वाटणी चालू होती, आणि पहिली नोकरी भोपाळात लागल्यामुळे त्यांचं नाव भोपाळच्या यादीत पडलं होतं. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून घर रायपुरात. पण जन्म घरीच झालेला, आणि शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. पुरावा शून्य. चौबे कॉलोनीतल्या घरी पत्नी सुनीतीबाईंनी आपला निर्णय आधीच जाहीर केला होता.

"तुम्ही जा जी भोपाळले. मी लोणचं घालून राहिली. बरण्या हलवल्या का नासते."

अशा मनःस्थितीत माणूस जे लिहितो त्यात खोली येते. नीलकंठरावांच्या ध्यानात आलं की मासेही जुन्या राज्यातूनच आलेत आणि त्यांचीही वाटणी राहिलीच आहे. महानदीतून ओरिसाचे मासे चढून येतात ते वेगळेच. तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांच्या वाटणीचा फॉर्म जसाच्या तसा माशांना लावला: जन्मस्थान, जात, सेवाज्येष्ठता, पती-पत्नी एकत्र राहण्याबाबत विनंती असल्यास कारणे. बारा रकाने, तीन प्रती, मासा पाण्याबाहेर काढताच भरायच्या.

व्याख्याही पक्की केली. मासा म्हणजे राज्याच्या वाहत्या पाण्यात जाळ्यात सापडलेला, नऊ इंचांहून लांब, पाठीचा कणा असलेला कोणताही जीव. (कण्याच्या अटीला दोन अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ती फेटाळली.) नऊ इंचांखालचा सोडून द्यावा. सोळा जून ते पंधरा ऑगस्ट अंडी घालायचा काळ, म्हणून त्यात स्थानिक माशाला कुणी जागचं हलवू नये. बाहेरच्या माशाला हे संरक्षण नाही. तो केव्हाही धरावा, तोलून विकावा (कलम नऊ).

जूनच्या पहिल्या आठवड्यात महादेव घाटावर चाचणी झाली. अकरा मासे काढले. बाराव्या रकान्यापर्यंत एकही जिवंत पोचला नाही. एकाही माशाकडून हरकत आली नाही, अशी नोंद करण्यात आली.

जाळं मीराबाई केवटणीचं होतं. ती फॉर्म उलटा धरून बराच वेळ बघत राहिली.

"हव बाबू," ती म्हणाली, "मछरी कहां के आय, तेला पूछे बर फारम लाने हस. तैं कहां के आस?"

तू कुठला, या प्रश्नाला नीलकंठराव म्हणाले, इथलाच, पण कागद नाही. मीराबाई हसली. कागद कशाला, तिला चांगलं आठवत होतं: आठ वर्षांचा हा पोट्टा याच घाटावर बुडत होता, आणि तिच्या बापाने जाळं टाकून त्याला ओढून काढलं होतं. लहान म्हणून सोडून दिलं, एवढंच.

नीलकंठराव न्हाणीघरात परतले ते थेट कलम सात लिहायला बसले: मासा स्वतः उत्तर देत नसल्यास, घाटावरच्या केवटाचा अंगठा रहिवासाचा पुरावा मानावा. कायदा पंधरा जूनला लागू झाला. सोळाला सकाळी, रजेचा अर्ज देऊन, ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मीराबाईने त्यांच्यावर जाळं टाकलं, त्यांना मोजलं (पाच फूट चार इंच), आणि तिन्ही प्रतींवर अंगठा उठवला. जात या रकान्यात तिने 'पढीन' लिहवून घेतलं, कारण त्या माशासारख्या मिशा होत्या.

भोपाळचा हुकूम वीस तारखेला आला. नीलकंठरावांनी त्याला फॉर्म जोडून परत पाठवला. विधी विभागाने अकरा दिवस विचार केला आणि अभिप्राय दिला की कायदा स्पष्ट आहे, सदर बडेबाबूंना पंधरा ऑगस्टपर्यंत हलवता येणार नाही. पंधरा ऑगस्टच्या आतच त्यांच्या खात्याची यादी बंद झाली, आणि ते रायपुरातच राहिले. त्यांचा पगार आता मत्स्यबीज खात्यातून निघतो, शिवाय माशाचं खाद्य म्हणून महिन्याला दोन किलो कोंडा मंजूर आहे. तो सुनीतीबाई शेजारच्या गाईला घालतात. लोणचं उत्तम मुरलं.

ही सोय कळल्यापासून घाटावर रांग असते. आजवर दोनशे चौदा कर्मचारी स्थानिक मासे ठरले आहेत.

वाचकांना हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की त्यांनी, आपण इतकी वर्षं ज्या गावात राहतो तिथलेच आहोत, असं सांगणारा कागद काढून पाहावा. नाही सापडला तर टॉवेल घेऊन घाटावर यावं. मीराबाई फार विचारत नाही. लहानपणी तुम्हाला इथल्या पाण्यातून कुणी ओढून काढलं होतं, तेवढं नाव सांगा म्हणते.

नाव आठवलं नाही, तर कलम नऊ आहे. तराजू तिच्याजवळच असतो.