सगळ्या बाटल्या रेघेपर्यंत

त्या घरातल्या फ्रीजच्या दारात दुधाला जागा नव्हती, कारण तिथे पाऊस ठेवलेला असे.

सून पावसाच्या पाण्याची संशोधक होती. पाण्याचे काही कण इतरांपेक्षा किंचित जड असतात. वाफ होताना हलके आधी निसटतात, जड मागे रेंगाळतात. थेंबात जड किती, हलके किती हे यंत्राने मोजलं की ढगाने ओलावा कुठून आणला याचा माग लागतो. त्यासाठी गच्चीत नरसाळं होतं आणि त्याखाली शंभर मिलीची रेघ असलेली तपकिरी बाटली. सर संपली की बाटलीला घट्ट बूच, वर तारखेची चिठ्ठी आणि रवानगी फ्रीजमध्ये. सून कामावर गेली की हे सगळं सासरे बघत. ते निवृत्त कंपाउंडर. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून औषध कधी रेघेच्या वर गेलं नाही की खाली राहिलं नाही.

चोवीस बाटल्यांतल्या थेंबांचे आकडे आले आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांचा फोन वाजला.

"अहो, तीन महिने सगळे ढग एकाच ठिकाणाहून आले? आकडे जुळ्या भावंडांसारखे आहेत!"

"मलाही पटत नाहीये, सर."

"सोमवारपर्यंत पटवा. नाहीतर गच्चीवरचं नरसाळं उचला."

सुनेने फ्रीज उघडून भुरभुर पावसाची बाटली एका हातात घेतली आणि धो धो पावसाची दुसऱ्या हातात. दोन्हींचं वजन सारखं! मग तिने घरातलं झाडून सगळं पाणी प्रयोगशाळेत नेलं: नळाचं, फिल्टरचं, पातेल्यातलं, सासऱ्यांच्या थर्मासमधलं. यंत्राने बोट ठेवलं ते थर्मासवर.

"बाबा, बाटल्यांत पाणी तुम्ही घातलंत?"

"अगं, काहींच्या तर तळालाच होतं," सासरे म्हणाले. "अर्धी बाटली बाहेर कशी द्यायची? लोक सुनेला नावं ठेवतील. आणि नळाचं नाही हो घातलं! वीस मिनिटं उकळून, गार करून थर्मासमध्ये ठेवलेलं घातलं."

"उकळून!" सून उद्गारली. हलके कण वाफेवर निघून गेले होते आणि जड तेवढे बाटलीत आले होते.

सासूबाईंना तर आयतंच सापडलं. "उभा जन्म दुसऱ्यांच्या बाटल्या भरण्यात गेला, आता सुनेच्याही सोडल्या नाहीत! पोरीची नोकरी घालवाल अशानं!" तीन दिवस त्यांनी नवऱ्याला उठता-बसता सुनावलं. सासरे मान खाली घालून जेवत. ते बघून सुनेलाच वाईट वाटायला लागलं.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी एक वही हळूच तिच्यापुढे सरकवली. "याचा काही उपयोग होतो का बघ."

प्रत्येक तारखेपुढे लिहिलेलं होतं: मूळ पाऊस बारा मिली, घातलेलं अठ्ठ्याऐंशी. मूळ एकाहत्तर, घातलेलं एकोणतीस.

"बाबा!" सून किंचाळलीच. "थर्मासचं पाणी वजा करता येईल!"

संध्याकाळपर्यंत तेवीस बाटल्या सरळ झाल्या. काही ढग दूरच्या समुद्रावरचे निघाले, काही जवळच्या ओल्या रानावरचे. अकरावी मात्र कशालाच दाद देईना. तिच्यातलं पाणी थर्मासपेक्षाही जड होतं.

"अकरावी माझी नाही," सासरे ठामपणे म्हणाले. "वहीत बघ. ती पावसानेच रेघेपर्यंत भरली होती."

दोघांनी एकदमच सासूबाईंकडे पाहिलं. एरवी कुठल्याही विषयावर बोलणाऱ्या सासूबाई फार मन लावून वाटाणे सोलत होत्या.

"फ्रीज पुसताना कलंडली," अखेर त्या पुटपुटल्या. "सगळी सांडली. मग भरली तशीच फुलदाणीतल्या पाण्याने. आठवड्याचं होतं, पण दिसायला स्वच्छ होतं हो."

आता सासरे तीन दिवसांचं उट्टं काढणार, असं सुनेला वाटलं. सासऱ्यांनी शांतपणे चष्मा लावला, वही ओढली आणि पेन्सिलीला टोक केलं.

"किती मिली घातलंस?"

"मी काय मोजत बसले होते?"

सासऱ्यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत एवढा बेशिस्तपणा त्यांनी कधी ऐकला नव्हता.