शेषेरावांनी कुटुंबसंस्था बरखास्त केली

रविवारी संध्याकाळी पाच वाजता निवृत्त शिक्षक शेषेराव बिरादार यांनी भोकरमधल्या आपल्या घराच्या गच्चीवर उभं राहून कुटुंबसंस्था बरखास्त केली. गच्चीवर त्या वेळी पाच-सहा माणसं होती. खाली स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी साखराबाई धपाटे लावत होत्या. संस्था बरखास्त झाल्यावर शेषेरावांनी त्यातले दोन खाल्ले.

ऐकणाऱ्यांना यात नवल वाटलं नाही. या गच्चीवर दर रविवारी 'पश्चिमेची खिडकी' नावाची बैठक भरते. युरोप-अमेरिकेतली माणसं कशी राहतात, कशावर भांडतात, देवाचं, राज्याचं आणि म्हाताऱ्या आईबापांचं काय करतात, यावर निवांत बोलायचं, एवढंच काम. आदल्या रविवारी व्यक्तिस्वातंत्र्य झालं होतं. त्याच्या आधी देव झाला होता, तो दोन रविवार पुरला.

बैठकीला नियम एकच. आपल्याला न पटणारी बाजू मांडायची, आणि तीही 'मी' म्हणून. 'तिकडचे लोक असं म्हणतात' असं म्हणायला बंदी. हा नियम टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या केरबा वाघमारे यांचा. "ते म्हणतात असं म्हणलं की माणूस हात झटकून मोकळा होतो," असं त्यांचं म्हणणं. "दुसऱ्याचा सदरा घालून बघायचा तर बटनं लावून घालावा."

त्या रविवारी विषय होता पाश्चात्त्य कुटुंब. शेषेरावांचा जन्म सोळा माणसांच्या घरात गेला, म्हणून त्यांच्या वाट्याला उलटी बाजू आली. त्यांनी आठवडाभर तयारी केली होती. ते म्हणाले, "लग्न हा करार आहे. पटेल तोवर पाळावा, पटेनासा झाला की मोडावा. माझ्या मुलीला मी हेच सांगणार. सासू-सासरे हे या करारातले पक्ष नाहीत. त्यांनी आपलं आपण बघावं, सरकार मग कशासाठी आहे? आणि मी म्हातारा झाल्यावर मलाही कुणी सांभाळू नये. ज्याला म्हातारपणी पोराच्या ताटात वाटा हवा असतो, त्यानं पोर वाढवलेलं नसतं, ठेव ठेवलेली असते."

"वा," केरबा म्हणाले.

अडचण आवाजाची झाली. गच्चीच्या खालीच, बोळाच्या पलीकडे, सिद्धरामची पिठाची गिरणी आहे. रविवारी ती दिवसभर चालते, त्यामुळे गच्चीवर बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. दोन वर्षांत सगळ्यांना तशी सवय लागली होती. त्या दिवशी पाचच्या सुमाराला लाईट गेली, गिरणी थांबली, बोळ शांत झाला. शेषेराव मात्र गिरणी चालू असल्याच्या आवाजातच बोलत राहिले. सरकार मग कशासाठी आहे, हा प्रश्न कोपऱ्यावरच्या कटिंगच्या दुकानापर्यंत गेला.

गिरणीपुढच्या बाकावर तेव्हा एक पाहुणे बसले होते. उदगीरचे रामलिंगमामा.

शेषेरावांची मुलगी ऋतुजा नांदेडला विष्णुपुरीत नोकरी करते. तिच्यासाठी उदगीरचं स्थळ आलं होतं. मुलगा शिवम, पुण्यात इंजिनिअर. बघण्याच्या कार्यक्रमात दोघं तासभर बोलले आणि आधीच्या चार स्थळांना 'न्हाई' म्हणणारी ऋतुजा पाचव्याला 'हाव' म्हणाली. त्या दिवशी साखराबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आता चौकशी तेवढी राहिली होती.

चौकशी सांगून होत नसते. मुलाकडचा एक माणूस मुलीच्या गावात येतो, चहा पितो, दळणाच्या रांगेत बसतो आणि सोयाबीनच्या भावाबद्दल बोलता बोलता घराण्याची माहिती काढतो. मुलीकडच्यांना तो आल्याचं कळतं, पण कळल्याचं दाखवायचं नसतं. तो आलाच नव्हता, असं दोन्ही घरं पुढे जन्मभर धरून चालतात. रामलिंगमामा मुलाचे सख्खे मामा, आणि सिद्धराम या स्थळातला मध्यस्थ, कारण त्याची सासुरवाडी उदगीरची. लाईट गेली त्या क्षणी सिद्धराम मामांना सांगत होता, "सर म्हणजे लई शांत माणूस. कधी आवाज ऐकू येत न्हाई."

सोमवारी सकाळी सिद्धराम बोळ ओलांडून आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"सर, उदगीरचा फोन आला होता. विचार करून सांगतो म्हणले."

साखराबाईंनी गॅस बंद केला. विचार करून सांगतो म्हणजे काय, हे लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"काल कोण आलतं रे?" त्यांनी विचारलं.

"कोणीच न्हाई," सिद्धराम सवयीनं म्हणाला. मग त्यानं टोपी काढली. "रामलिंगमामा. पण ते आले नव्हते."

"किती ऐकलं?"

"ठेव ठेवलेली असते, इथपर्यंत. मग उठले. म्हणले, बस हाय."

शेषेरावांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. "अरे, पण ते माझं मत नव्हतं. तो नियम आहे. मी आत्ता फोन करून खुलासा करतो."

"कशाचा खुलासा करता?" सिद्धराम म्हणाला. "ते म्हणतील, आम्ही काही ऐकलंच न्हाई, आम्ही तर उदगीरला होतो. मग तुम्ही काय म्हणणार? तुम्ही गिरणीवर बसला होता, असं? अन् असं म्हणलात तर स्थळ आजच गेलं. मला बी सासुरवाडीला तोंड दाखवायला जागा न्हाई राहणार."

जे कुणी ऐकलं नव्हतं, ते खोडून काढायचं कसं, असा हा पेच होता. दुपारी केरबा आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जे चोरून ऐकलं, ते चोरूनच खोडावं लागंल. येत्या इतवारी शेषेराव कुटुंबाच्या बाजूनं बोलतील. मामांना तेवढं त्या बाकावर आणून बसवा."

"ते आता कशाला येतील?" साखराबाई म्हणाल्या.

"येतील," सिद्धराम म्हणाला. "अहमदपूरचं एक स्थळ सरांकडं येऊन राहिलंय, असं माझ्या सासऱ्यांच्या कानावर घालतो. दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणलं की पहिलं परत फिरून बघतंच."

केरबांना मग एक गोष्ट आठवली. "पण शेषेराव, नियमाचं काय? तुम्हाला न पटणारी बाजू मांडावी लागती."

"मला कुटुंब पटतं."

"मग त्या बाजूनं तुम्हाला बोलता येत न्हाई."

"केरबा, पोरीचं लग्न हाय."

"हाय ना. म्हणून तर नियम मोडताना जरा लाज वाटू द्या, एवढंच म्हणून राहिलो." शेवटी एका रविवारपुरती सवलत मिळाली. केरबांनी तिला आपला विरोध असल्याचं सर्वांसमोर सांगितलं.

दुसऱ्या रविवारी लाईट गेली नाही. पावणेपाचला सिद्धरामनं गिरणी स्वतःच बंद केली. दळणाला आलेल्या बायांनी डबे खाली ठेवले.

"लाईट हाय की रे," एक बाई म्हणाली.

"पट्टा तुटलाय."

"दिसून तर राहिलाय धड."

"आतून तुटलाय, मावशे. बस घडीभर."

रामलिंगमामा बाकावर होते. पाच वाजता शेषेराव उभे राहिले आणि कुटुंब या विषयावर बोलू लागले. ते म्हणाले की कुटुंब चांगलं असतं. त्यात आधार असतो. सणवार होतात. मोठ्यांचा धाक राहतो. पश्चिमेत माणसं एकटी पडतात आणि एकटं पडणं वाईट असतं. इथं ते थांबले, पाणी प्यायले, आणि सणवार होतात हे पुन्हा एकदा म्हणाले. विरुद्ध बाजूसाठी त्यांनी आठ दिवस वाचन केलं होतं. स्वतःच्या बाजूसाठी वाचावं लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सरला बरं न्हाई का?" खालून दळणवाल्या मावशींचा आवाज आला.

रात्री जेवताना साखराबाई म्हणाल्या, "मागच्या इतवारी जीव ओतून बोललात. आज हजेरी घेतल्यावानी बोललात." थोड्या वेळानं त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "'म्हातारपणी मला कुणी सांभाळू नये' म्हणलात, ते खरंच न्हाई ना तुमच्या मनात?"

"नियम होता गं."

"तेच विचारून राहिले. नियमात होतं का मनात होतं?"

शेषेरावांनी ताक मागितलं.

मंगळवारी उदगीरहून फोन आला आणि सिद्धरामला खाली बसावं लागलं. रामलिंगमामा आणि मुलाची आई धुरपताबाई रविवारी भोकरला येणार होते. चोरून नव्हे, सांगून. आणि घरात नव्हे, गच्चीवर. असं आजवर कुठल्या स्थळात झाल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं. होकारात बसेल की नकारात, हेही त्याला सांगता येईना.

रविवारी पाहुणे आले. सतरंजी अंथरली होती, पण साखराबाईंनी धुरपताबाईंसाठी खुर्ची वर आणली. ऋतुजा नांदेडलाच होती. लग्न ठरेपर्यंत मुलीनं पाहुण्यांपुढे दुसऱ्यांदा यायचं नसतं. गिरणी चालू होती, म्हणून रामलिंगमामांना ओरडूनच सुरुवात करावी लागली.

"सर, मी मागं आलो नव्हतो. दोनदा आलो नव्हतो."

"हाव," शेषेराव म्हणाले. "आम्हालाही काही कळलं नव्हतं."

"पहिल्यांदा ऐकलं अन् घरी जाऊन सांगितलं. तवापासून आमच्या घरात वाद पेटलाय. शिवम पुण्यावरून फोनवर म्हणतो, बरोबर बोलले. ही आमची ताई म्हणती, माणसाचं डोकं ठिकाणावर न्हाई. मी मधी बसून दोन्हीकडं मान हलवून राहिलो. मग दुसऱ्यांदा ऐकलं." मामांनी जरा संकोचानं खाली बघितलं. "राग नका मानू, ते काही पटलं न्हाई. सणवार तर आम्हाला बी माहीत हायत. आता सरळ सांगा. तुमचं मत काय?"

सगळ्यांनी शेषेरावांकडे पाहिलं. बैठकीच्या दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. नियमानंच तो विचारता येत नव्हता.

"असं आहे," ते उभे राहून म्हणाले, "एका बाजूनं पाहिलं तर..."

"बाजू नका सांगू, दादा," धुरपताबाई म्हणाल्या. "मत सांगा. उद्या तुमची पोर माझ्या घरात यायची हाय. तिला घरून काय शिकवण हाय, एवढंच कळू द्या."

शेषेराव उभेच राहिले. केरबांनी घसा साफ केला. सिद्धरामनं पायऱ्यांवरून खाली वाकून गिरणीवरच्या पोराला गिरणी बंद करायची खूण केली. आता इतकी शांतता झाली की खालच्या मावशींनीही मान वर केली.

"मला आठ दिवस द्या," शेषेराव म्हणाले. "विचार करून सांगतो."

सिद्धरामचा कप बशीवर आपटला. हे वाक्य मुलीच्या बापानं म्हणायचं नसतं. धुरपताबाईंनी पदर सारखा केला, साखराबाईंना हळदीकुंकू लावू दिलं आणि खाली उतरल्या. रामलिंगमामा मात्र निघताना केरबांना बाजूला घेऊन विचारत होते की हा नियम उदगीरला चालवायचा तर किमान किती माणसं लागतात.

गुरुवारी ऋतुजा रजा टाकून आली. वडील ओसरीवर बसले होते, समोर उघडं पुस्तक होतं.

"सांगा काय ठरलं," ती म्हणाली.

"तू सुखी असावीस, इथपर्यंत आलोय."

"हे मत न्हाई, बाबा. ही इच्छा हाय."

शेषेरावांनी थोडा विचार केला. "खरं आहे," ते म्हणाले, आणि तेही सोडून दिलं.

"अन् मला काय वाटतं, ते?"

"तुला शिवम पसंत आहे ना?"

"शिवम पसंत हाय. पण मी कुणाच्या घरात कशी राहणार, यावर तीन इतवार गच्चीवर चर्चा झाली. मला एकदा तरी फोन लावला का कुणी?"

साखराबाई आतून म्हणाल्या, "मी लावणार होते. म्हणलं, तुझे बाबा विचार करून राहिलेत."

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला शेषेरावांचा मोबाईल वाजला. उदगीरचा नंबर होता. ते उभे राहिले, सदरा नीट केला आणि फोन कानाला लावून म्हणाले, "नमस्कार. आठ दिवस अजून झाले नाहीत, पण दोन मुद्दे..."

"दादा, तुमचा विचार होऊ द्या सावकाश," पलीकडून धुरपताबाई म्हणाल्या. "फोन पोरीकडं द्या."

ऋतुजानं फोन घेतला. बोळात गिरणी चालू होती, काही ऐकू येईना, म्हणून ती गच्चीवर गेली आणि वरचं दार तिनं लावून घेतलं. शेषेराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं केरबा आले, तेही बसले. सिद्धराम बोळातून वर बघत होता. एकदा ऋतुजाच्या हसण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग, गिरणीच्या वरताण, स्पष्ट: "न्हाई काकू, हे मला पटत न्हाई. का ते सांगते."

साखराबाईंनी जिन्याकडे बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं.

सहा वाजता सिद्धरामनं गिरणी बंद केली. दार तेव्हाही उघडलेलं नव्हतं. वरून मधूनमधून 'हं' एवढंच येत होतं; आता ऋतुजा ऐकत होती.