उत्तमकाका आणि फोनमधला मास्तर

आमचे शेजारी उत्तमकाका फोनशी ओरडून बोलतात. रिसोडच्या धान्यबाजारात उभा जन्म लिलावाची बोली पुकारण्यात गेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. पुण्याला असलेल्या त्यांच्या लेकीनं फोनमध्ये प्रश्नांची उत्तरं देणारं एआय टाकून दिलं आणि त्या घरच्या शंका सगळ्या गल्लीला कळायला लागल्या.

"मास्तर, बायको थकून राह्यली. काय करू?"

फोन पुस्तकी मराठीत बोलायचा, म्हणून तो मास्तर. "आपल्या पत्नीस..." असं सुरू झालं की काका त्याला अडवायचे. "पत्नीस नाही, बायकोले."

काकूंचं दुखणं एका तापानंतर सुरू झालं. ताप गेला तो अंगातली ताकद घेऊनच. पोळ्या लाटता लाटता त्या भिंतीला टेकायच्या. काका म्हणायचे, "रिपोर्ट तं सारे नॉर्मल हायेत. मंग असं थकून कसं चालंन?" काकू पुन्हा लाटणं उचलायच्या. शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे न हटणारा थकवा. काका त्याला 'करनिक फटिक' म्हणतात.

नाव कळल्यावर काकांना हुरूप आला. "मास्तर, हिले कोनता व्यायाम देऊ?"

मास्तरनं सांगितलं, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. झालं. काका काकूंना घेऊन निघाले. आज या खांबापर्यंत, उद्या पुढच्या. काकू पदर खोचून मागोमाग चालायच्या. परतताना आमच्या ओट्यावर बसायच्या तेव्हा चेहरा पांढरा पडलेला असायचा. एके दिवशी घरी पोचल्या आणि त्यांनी अंथरूणच धरलं. कूस बदलायलाही माणूस लागायचा. खिडकीतला उजेड सोसेना.

मी पेज घेऊन गेले तेव्हा काका बाहेरच्या खोलीत फोन धरून उभे होते. "मास्तर, तूच सांगतलं ना चालवा म्हनून? ते तं पडली."

मास्तरनं माफी मागितली. या आजारात व्यायाम रेटून वाढवला तर अपाय होऊ शकतो, म्हणाला. थकवा येण्याआधीच थांबावं, असेल तेवढ्या शक्तीत दिवस बसवावा.

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"आपण कोणता व्यायाम द्यावा, असे विचारले होते. तरीही मी सावध करायला हवे होते."

काका खुर्चीवर बसले. फोन पालथा ठेवून मला म्हणाले, "त्याले काय बोलू? मी तरी तिले कधी इचारलं, तुले काय होऊन राह्यलं म्हनून?"

मग ते आत गेले आणि त्यांनी विचारलं. कोणतं काम सगळ्यात जड जातं? मला वाटलं, काकू स्वयंपाक म्हणतील. त्या म्हणाल्या, "वेणी. हात वर धरवत नाहीत."

परवा दुपारी भाजी द्यायला गेले, तर काकू खाटेवर काकांकडे पाठ करून बसलेल्या. काका वेणी घालत होते. पेड एक जाड, दोन बारीक. अर्ध्यावर आल्यावर काकूंची मान कलली. बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली, डोकं काकांच्या खांद्यावर.

"द्या इकडं, मी धरते," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. "हात बदलला तं जागी होईन. अन् सोडली तं सुटून जाईन, मंग तिले पुन्हा बसा लागंन."

मी भाजी झाकून ठेवली. काका तिन्ही पेड दोन्ही हातांत धरून तसेच बसून राहिले.