मागच्या वर्षीचा एप्रिल

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी बाईंनी जेवणाच्या टेबलावर नव्या वर्षाचं कॅलेंडर पसरलं, चष्मा पुसला आणि नवऱ्याला सांगितलं की येणारं वर्ष आपण नुसतं ढकलायचं नाही, ठरवून जगायचं.

नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. तो कॅलेंडरं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक होता. लोकांचं नवं वर्ष जानेवारीत लागतं, त्याचं जुलैत लागायचं. डिसेंबर येईपर्यंत पुढचं वर्ष त्याने दोनदा वाचून, लाल पेन्सिलीने दुरुस्त करून, सही करून खाली पाठवलेलं असे.

"वाचलंय मी ते," तो म्हणाला. "त्यात विशेष काही नाही."

बाई म्हणजे त्याची बायको. जन्मभर बालवाडीत शिकवल्यामुळे सगळं गाव तिला बाई म्हणे, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून नवराही बाईच म्हणे. त्या आता निवृत्त होत्या. आदल्या आठवड्यात वाचनालयात एका हसऱ्या वक्त्याचं व्याख्यान झालं होतं. वर्ष आपल्याला जगतं की आपण वर्षाला, असं त्याने विचारलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांना उत्तर माहीत नव्हतं, आणि बाई पुढच्या रांगेत होत्या.

"दर महिन्याला एक गोष्ट," त्या म्हणाल्या. "जानेवारीत पहाटे फिरायला जायचं. फेब्रुवारीत जेवताना टीव्ही बंद. बोलायचं."

"काय?"

"ते तेव्हा बघू. मार्चात काहीतरी नवीन शिकायचं. आणि एप्रिलमध्ये बाहेरचा सगळा गोंगाट बंद. पेपर नाही, टीव्ही नाही, माझा मोबाइल कपाटात. आणि अक्काकडे जायचं."

यावर मात्र त्याने मान वर केली. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. दूरच्या गावी एकटी राही. दोघी शेवटच्या भेटल्या त्या आईच्या अंत्यविधीला. पुढे दर वर्षी जायचं ठरे आणि दर वर्षी काही ना काही आडवं येई. आईने शेवटी दोघी मुलींना ओळखणं सोडलं होतं. आधी ती वार विसरली, मग स्वयंपाक, मग माणसं.

"या खेपेला टाळायचं नाही," बाई म्हणाल्या. "अक्काचं वय झालंय. माझंही काही कमी होत नाहीये."

कॅलेंडर फुकटातलं होतं. छापखान्याचा रिवाजच तसा होता. वर्षभरात जे काही बिघडे, म्हणजे कुठे शाई फासलेली, कुठे भोक वाकडं, त्या पानांतून बाइंडर थोड्या प्रती जुळवी आणि नोकरांना वाटून टाकी. मुद्रितशोधक दर वर्षी दोन प्रती आणी. एक घरच्या स्वयंपाकघरात लागे, दुसरी टपालाने अक्काकडे जाई. आणलेल्या प्रतीकडे तो स्वतः कधी पाहत नसे. सगळं वर्ष त्याला तोंडपाठ असे.

जानेवारीत दोघं पहाटे फिरायला गेली. त्याला खोकला झाला. फेब्रुवारीत टीव्ही बंद करून दोघं समोरासमोर बसली. तेव्हा शेजारच्यांचा टीव्ही किती स्पष्ट ऐकू येतो ते कळलं आणि दोघांनी त्यांची मालिका निमूटपणे ऐकून काढली. मार्चात बाई पोहायला शिकल्या. तो काठावर टॉवेल धरून उभं राहायला शिकला. मार्च संपता संपता बाईंनी अक्काला फोन करून अकरा तारखेला येतो म्हणून कळवलं, बसची तिकिटं काढली आणि मोबाइल कपाटात कुलूपबंद केला.

एक एप्रिलला संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाई चिडलेल्या होत्या.

"खालच्या शिंप्याला काही ताळतंत्र राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "ब्लाउज आणायला गेले, तर दुकान बंद. बुधवारी कोण दुकान बंद ठेवतं?"

"तो गुरुवारी बंद ठेवतो."

"तेच म्हणतेय मी. आज बुधवार."

त्याने बायकोकडे पाहिलं. मग आज एक एप्रिल असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि ही थट्टा आहे असं धरून तो थोडासा हसला. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शुक्रवारला गुरुवार म्हटलं. त्यानंतर त्याला रात्री नीट झोप लागेना. जिने पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून सोमवार, मंगळवार घोकून घेतले, तिचाच वार चुकावा? तो तिला टोकू शकत नव्हता. सासूबाईंना टोकलं की त्या कशा कावऱ्याबावऱ्या व्हायच्या, ते त्याने पाहिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करून पोट भरलेल्या माणसाने घरातल्या चुकीपुढे पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवली.

रविवारी सकाळी बाईंनी त्याला हलवून उठवलं.

"अहो, उठा. डबा तयार आहे. शनिवार आहे म्हणून काय लोळायचं?"

तो उठला, दाढी केली, डबा घेतला आणि बाहेर पडला. छापखान्याला कुलूप होतं. पहारेकऱ्याने फाटकाच्या आतून विचारलं, "साहेब, आज कसे काय?"

"इकडून चाललो होतो."

"डबा घेऊन?"

तो बागेत जाऊन बसला. दुपारी एका बाकावर डबा खाल्ला. समोर लोक आपापल्या मुलांना घेऊन रविवार साजरा करत होते, आणि कोण किती दिवस कोणाला ओळखणार आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता, असं त्याला वाटत राहिलं. घरी जायची वेळ होईपर्यंत त्याने बागेच्या नियमांच्या फलकावरच्या चुका काढल्या. बऱ्याच होत्या.

सोमवारी बाईंनी त्याला उठवलंच नाही. उशिरा जाग आली तेव्हा तो बिनचहाचा, बूट हातात घेऊन दाराकडे निघाला.

"रविवारचे कुठे निघालात?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"काम आहे."

"फेब्रुवारीत मी बोलायचं ठरवलं, तर तुम्ही गप्प. एप्रिलात निवांत बसायचं ठरवलं, तर तुम्ही पळता. माझ्याबरोबर एक रविवार काढायचा, तर इतकं जड जातं?"

त्याने बूट घातले, तेही उलटसुलट, आणि निघाला. त्या दिवशी त्याने तीन पानं न वाचताच पास केली. बाईंनी घरी एकटीने रविवार काढला आणि हसऱ्या वक्त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

बुधवारी तो बायकोला घेऊन जुन्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेला. निमित्त त्याच्या रक्तदाबाचं होतं. डॉक्टरांना त्याने आधीच गाठून सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहून भुवया उंचावल्या आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, "बाई, आलाच आहात तर तुम्हालाही दोन प्रश्न विचारतो. आज तारीख काय?"

"सात."

"महिना?"

"एप्रिल. डॉक्टर, मला काय बालवाडीत घालताय?"

"वार कोणता?"

"मंगळवार," बाई ठणकावून म्हणाल्या.

डॉक्टर मान डोलावून कागदावर काहीतरी लिहू लागले. मुद्रितशोधकाचा रक्तदाब तेव्हा मोजला असता तर पट्टा फुटला असता. निघताना डॉक्टरांनी त्याला दारात थांबवलं आणि हळूच म्हणाले, "तारीख बरोबर आणि वार चूक, हे मी पहिल्यांदाच पाहतोय. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या. मे महिन्यातला नंबर मी लावून देतो. तोवर त्यांना हवं ते करू द्या."

त्यांना एकच गोष्ट हवी होती, अक्काकडे जायचं. ती अक्काला ओळखतेय तोवर ही भेट झाली पाहिजे, हे त्याने मनाशी पक्कं केलं आणि सोमवार-मंगळवारची रजा टाकली. एरवी रजेला नाक मुरडणाऱ्या मालकांनी त्याचा चेहरा पाहून विचारलं, "कोणी गेलं का?" तो म्हणाला, "अजून नाही."

अकरा तारखेला, रविवारी सकाळी, दोघं बसमध्ये बसली. बाईंनी नवी साडी नेसली होती. शिंप्याकडून ब्लाउज अखेर मिळाला होता.

"शनिवार असून गर्दी केवढी," त्या म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला.

"उद्याचा अख्खा रविवार अक्काबरोबर. म्हणून तर अकराचं तिकीट काढलं."

"हो."

"आज सगळ्यालाच हो म्हणताय. बरं वाटतंय ना?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा हात आपणहून हातात घ्यावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज घेतला. बाईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. रविवारी पळणारा माणूस बसमध्ये हात धरतो, तेव्हा कोणत्याही बायकोला जे वाटेल तेच त्यांना वाटलं. पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

अक्का दारातच उभी होती. वाकली होती, पण आवाज तोच होता.

"या. सकाळपासून वाट बघतेय. आणि तू ग, पोहायला शिकलीस म्हणे. या वयात बुडायचे ढंग."

दोघी बहिणी उंबऱ्यातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. तो पिशव्या घेऊन मागे थांबला. चला, ओळखलं, असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला. तेवढ्यात अक्का म्हणाली, "बरं झालं शनिवारी आलात. उद्या रविवार, जरा पाय पसरून बसू."

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. म्हणजे थोरलीही. म्हणजे हे घराण्यातच होतं, आणि आईपासून दोघींत सारखं उतरलं होतं.

"माझा मुलगा बघ ना," अक्का आत जाता जाता सांगत होती. "वर्षानुवर्षं रविवारी फोन करायचा. या महिन्यात शनिवारी करायला लागलाय. आजही केला. मी विचारलं नाही. म्हटलं, रविवारी त्याला त्याची कामं असतील. आणि तो वाणी, मला म्हणतो, आजी, वार चुकला. मी म्हटलं, तुझा बाप चुकला."

"मलाही डॉक्टर वार विचारत होता," बाई म्हणाल्या. "लोकांना झालंय काय, कोण जाणे."

मुद्रितशोधक पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. पेला तोंडाला लावताना समोरच्या भिंतीकडे नजर गेली आणि पेला तिथेच थांबला. भिंतीवर त्यानेच पाठवलेलं कॅलेंडर होतं. एप्रिलची एक तारीख बुधवारच्या खाली बसली होती.

ते पान त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. जुलैत छपाईवाल्यांनी चुकून मागच्या वर्षीच्या एप्रिलची प्लेट चढवली होती. चूक त्यानेच पकडली होती. मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती, आणि एप्रिलचा सगळा गठ्ठा रद्दीत काढला होता. रद्दीतून बाइंडरने नोकरांच्या प्रती जुळवल्या. त्यातली एक इथे लागली आणि एक त्याच्या घरी. छापखान्यातले बाकीचे लोक मोबाइलवर वार बघत. सबंध जगात मागच्या वर्षीच्या एप्रिलवर मनापासून जगणाऱ्या दोनच बायका होत्या, आणि दोघींना तो त्यानेच पुरवला होता.

तो बाहेर आला आणि खुर्चीवर बसला. मग त्याने सगळं सांगितलं, काही न गाळता. डॉक्टरांचं, बागेचं आणि मोठ्या दवाखान्यातल्या नंबराचंही.

बाईंनी बोटांवर वार मोजून पाहिले.

"म्हणजे मी बरी आहे," शेवटी बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तो डबा तुम्ही बागेत बसून खाल्लात. एकटे."

"हो."

"भिंतीवर नुसतं बघितलं असतंत, तर?"

त्याने दारात पडलेली पिशवी उचलून आणली आणि पुन्हा खुर्चीवर बसला.

"घाबरलात," त्या म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. पण जन्मभर बालवाडी सांभाळलेली बाई गुन्हेगाराला इतक्या लवकर सोडत नाही. "तो दवाखान्याचा नंबर रद्द करू नका."

"आता कशाला?"

"लावलाय तर वाया कशाला घालवायचा? तुम्ही जा. डोळ्यांच्या खोलीत घेतात की डोक्याच्या, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या."

अक्काने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "भावजी, ते जाऊ दे. तेवढा माझा एप्रिल सुधारून द्या. वाण्याची माफी मागायला मी जाणार नाही, पण निदान यापुढे तरी."

त्याच्या खिशात लाल पेन्सिल कायम असे. तो उठून भिंतीपाशी गेला, पान सपाट केलं आणि पेन्सिल एक तारखेवर टेकवली.

"थांबा," बाई मागून म्हणाल्या. "हे सुधारलंत तर उद्या काय होईल?"

"सोमवार."

"आणि आमचा रविवार?"

त्याने हिशेब केला. खरा रविवार निम्मा बसमध्ये गेला होता आणि उरलेला त्याच्या कबुलीजबाबात. पेन्सिल थोडा वेळ कागदावर टेकलेली राहिली. मग त्याने ती खिशात ठेवली. कळत असून छापलेली चूक तशीच सोडायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कामाला गेलं. वाण्याने दुकान उघडलं. रस्त्याने शाळेची मुलं गेली. अक्काच्या घरात तिघं उशिरा उठली आणि दिवसभर पाय पसरून बसली. बोलायला फारसं नव्हतं, पण शेजारच्या टीव्हीचा आवाज कोणाच्या कानावर आला नाही. या वर्षात विशेष काही नाही, असं मुद्रितशोधकाने डिसेंबरात सांगितलं होतं. त्यात एक रविवार जास्तीचा होता, तेवढा त्याच्या वाचनातून सुटला होता.