करतोचरावांचा पूर्ण भूतकाळ

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, नळाची शपथ! (नळ माझा नाही, पण शपथेला चालतो.) म्हणजे, थोडी पदरची भर आहे, ती कुठे, ते शेवटी सांगतो.

बायकोने कुठलंही काम सांगितलं की आमच्या ओळखीचे एक कारकून ‘करतोच!’ म्हणत आणि काम तसंच राही, म्हणून सगळे त्यांना करतोचराव म्हणत. लेकीने स्पॅनिश बोलणारा मुलगा पसंत केला आणि विहीणबाईंचा पहिला व्हिडिओ कॉल रविवारी ठरला.

“बाबा, हसं करू नका हं आपलं,” लेकीने बजावलं.

“छे! स्पॅनिश शिकतोय मी, थेट भूतकाळातच बोलणार.”

फोनवर स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. “भूतकाळाचं हे रूप फक्त संपलेल्या कामाला. रोज एक काम संपवा, मग वाक्य सांगा. थापा चालणार नाहीत.”

आली का पंचाईत!

“मी चहा प्यालो,” करतोचराव म्हणाले.

“अर्धा कप तसाच आहे!” स्वयंपाकघरातून बायको.

शेवटी रविवारी त्यांनी वर्षानुवर्षं ठिबकणाऱ्या नळाकडे मोर्चा वळवला.

“अहो, प्लंबरला बोलावते.”

“कशाला? मी करतोच!”

“त्याचीच धास्ती वाटते.”

त्यांनी बाहेरचा कॉक बंद केला, पाना फिरवला. नळ हातात आला आणि फवारा थेट छताला! तेवढ्यात दारात खालचे काका, कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस. “माझं पाणी कोणी बंद केलं हो?”

आणि फोन वाजला. पडद्यावर विहीणबाई. पाइपावर तळहात दाबून करतोचराव गरजले, “आरेग्ले एल ग्रिफो!” म्हणजे, मी नळ दुरुस्त केला. बोटांच्या फटींतून कारंजी उडत होती. लेकीने डोळे मिटले.

बायकोने शांतपणे फोन घेतला. “रोंपिओ,” ती म्हणाली. म्हणजे, तोडला ह्यांनी. आणि पुढची सगळी हकीकत तिने घडाघडा स्पॅनिशमध्येच सांगितली. (शिकवणी स्पीकरवर चालायची आणि भाजी चिरताना कान मोकळेच असतात.)

विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी फोन मागे वळवला. तिथे व्याही कपाटाचं निखळलेलं दार छातीशी धरून उभे होते. दोघी त्या दिवसापासून जिवाभावाच्या मैत्रिणी. लग्न पक्कं!

आता भर कुठली? साबणवाले काका आणि तो बंद केलेला कॉक, दोन्ही मी रचले. निदान चुकीचा का होईना, कॉक बंद करायचं सुचलं होतं, एवढी तरी करतोचरावांची अब्रू राहावी म्हणून.