न करपलेला ॲपल पाय

बायको गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळी सुट्टीत हेडक्लार्कने ठरवलं, यंदा ॲपल पाय आपणच करायचा. (आजवर त्याने स्वयंपाकघरात फक्त सल्ले दिले होते.)

"त्यात काय अवघड आहे?" तो मुलीला म्हणाला. पुरुषाच्या तोंडून हे वाक्य आलं की घरच्यांनी कंबर कसावी.

पण इरेला पेटायला कारणही तसंच होतं. दर सुट्टीत सगळी भावंडं ह्या घरी जमायची ती त्या ॲपल पायसाठी. यंदा धाकट्या बहिणीने फोनवर सांगून टाकलं होतं, "वहिनी नाही, तर कशाला जमायचं दादा? एवढ्या सुट्टीत येते, मग बास."

हेडक्लार्क ऑफिसच्या शिस्तीने कामाला लागला. सफरचंदाच्या फोडी फूटपट्टीने मोजल्या. बायकोच्या वहीत 'लोणी अंदाजाने' असं होतं. अंदाज म्हणजे किती, हे विचारायला त्याने तीन बेकऱ्यांना फोन केले. मग ओव्हनसमोर खुर्ची टाकून तो घड्याळ घेऊन बसला.

"बाबा, ओव्हन आहे तो. पळून नाही जाणार!"

"तू मध्ये बोलू नकोस."

बरोबर पंचेचाळिसाव्या मिनिटाला ॲपल पाय बाहेर आला. सोनेरी, खुसखुशीत, मासिकाच्या मुखपृष्ठावर छापावा असा. बहिणीने एक घास खाल्ला, "छान आहे," म्हणाली आणि ताटली खाली ठेवली. बाकीचेही छान म्हणाले, परक्याच्या घरी म्हणतात तसं.

"काय चुकलं?"

"काहीच नाही रे. वहिनीचा तळाशी करपलेला असायचा."

खरंच होतं. ती ॲपल पाय ओव्हनमध्ये सरकवायची आणि दारात उभी राहून एकेकाच्या नकला करायची. नकला संपेपर्यंत तळाचा कोळसा. तीस वर्षं सगळ्यांनी तो काळा थर खरवडत, हसत खाल्ला होता.

हेडक्लार्क उठला. उरलेला ॲपल पाय त्याने परत आत ठेवला आणि पुन्हा खुर्ची ओढली. "करपेपर्यंत बघत बसतो."

"बघत बसल्यावर करपतं होय?" मुलगी कडाडली. "बाहेर या आधी!"

बाहेर बहिणीने वहिनी करायची ती डॉक्टरांची नक्कल काढली. मग हेडक्लार्कने, जन्मात पहिल्यांदा, बायको त्याचीच करायची ती नक्कल केली : सहीआधी तीनदा पेन झटकणारा साहेब. (वाईट केली. स्वतःचीच नक्कल न जमणारा माणूस विरळा.) हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं धुरामुळे होतं, हे बऱ्याच वेळाने कळलं.

बहिणीने काळाकुट्ट तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "हाच! अगदी हाच! दादा, पुढच्या सुट्टीतही इथेच जमायचं."

हेडक्लार्कची छाती फुगली. "म्हणजे जमला मला!"

"बाबा," ओव्हन खरवडता खरवडता मुलगी म्हणाली, "तुम्ही लक्ष दिलंत तोवर कुणी खाल्ला नाही. पुढच्या वर्षी सुरुवातीपासूनच लक्ष देऊ नका."